उजवीकडून लावताना

स्वेटरची दुसरी बाही घालताना तिचा हात मध्येच थांबला. पहिली बाही नीट गेली होती. मुंगी पलंगावर उताणी पडून खिडकीतल्या उजेडाकडे टक लावून बघत होती. मुंगी काही तिचं खरं नाव नव्हे, पण जन्मल्यापासून दिसेल त्याच्या बोटाला चिकटायची म्हणून ते पडलं आणि चार महिन्यांत खऱ्या नावाला कोणी विचारेनासं झालं. ती लेकीवर ओणवी होऊन, दवाखान्याला निघायची घाई, म्हणून तोंडाने काहीबाही बडबडत होती. "आता उजवा हात द्या बाई, उजवा, शहाणी माझी," असं म्हणत तिने जो हात धरून ओढला तो होता डावा, आणि तो मघाशीच बाहीत गेलेला होता. मुंगी हसली. रोजचीच गंमत. समोरच्याचा उजवा तो आपला डावा, हे कळायला काही कॉलेजात जावं लागत नाही. पण तिच्या काळजात धस्स झालं. ते मुंगीसाठी नव्हतं. तीन दिवसांपूर्वी हातावेगळ्या केलेल्या, जगाच्या हवाली केलेल्या एका गोष्टीसाठी ते होतं. समोरून आलं की सगळं उलटं होतं, आणि आपण दोन्ही जागी एकसारखं केलंय. तिने बाही तशीच सोडली आणि पलंगाच्या कडेवर बसली. साडेनऊ वाजले होते. दोन वाजता नवी आवृत्ती निघणार होती.

ती आवृत्ती एका संगणकभाषेची होती. भाषा कोणा एकाच्या मालकीची नव्हती. कॉम्प्युटरला कामं सांगायची ती भाषा जगभरातल्या लोकांनी मिळून रचलेली होती, सगळ्यांना उघडी, ज्याला हवी त्याने वापरावी, ज्याला खोट दिसेल त्याने सांगावी, आणि जमत असेल तर त्यानेच दुरुस्तीचं ठिगळ, म्हणजे तिथल्या बोलीत पॅच, करून पाठवावं. कॉलेजात ती हीच भाषा शिकली होती. मग चार वर्षं एका तिकिटं विकणाऱ्या कंपनीत बसून दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायची नोकरी केली, म्हणजे लोकांच्या कामात खुसपटं काढण्याचा पगार घेतला, असं तिचा नवरा सगळ्यांना सांगायचा आणि सगळे हसायचे. पण स्वतः एखादी चूक दुरुस्त करून पाठवण्याची वेळ कधी आली नव्हती. ती आली मुंगीमुळे. चौथ्या आठवड्यात नर्सने सांगितलं होतं, बाळाचं पिणं लिहून ठेवा, किती वाजता, कुठल्या बाजूला, डावीकडे की उजवीकडे, म्हणजे पुढच्या वेळी दुसऱ्या बाजूने सुरुवात करता येईल. बायका हे कॅलेंडरच्या मागे लिहितात. तिनेही लिहिलं. पण अक्षरावरचा तिचा विश्वास उडाला होता, स्वतःवरचाच उडाला होता, म्हणून तिने वीस ओळींचा एक प्रोग्रॅम लिहिला. वेळ आणि बाजू टाकायची, तो सगळं वेळेप्रमाणे लावून सांगणार, आता डावी, आता उजवी. महिनाभर त्याने इमानेइतबारे सांगितलं. आणि एका सकाळी तो म्हणाला डावी. तिच्या अंगाला, दुखऱ्या आणि गच्च भरलेल्या अंगाला, ठाऊक होतं की उजवी.

नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो दाढी करत होता. "अगं, तूच उलटं टाकलं असशील. जरा झोप काढ." सासूबाई म्हणाल्या, "आमच्या वेळी कुठला गं प्रोग्रॅम? रडलं की पाजायचं." तिच्या आईने फोनवर म्हटलं, बाळंतपणानंतर असं होतं, विसरायला होतं, माझं तर दोनदा दूध उतू गेलं होतं. सगळे प्रेमानेच बोलत होते, आणि प्रत्येकाच्या बोलण्याचा अर्थ एकच होता, तुला दिसतं ते तिथे नसतं. हे काही पहिल्यांदा नव्हतं. मुंगीचा श्वास मध्येच थांबल्यासारखा वाटायचा, डोक्याची टाळू जास्तच खोल वाटायची, रडण्याचा सूर कालच्यापेक्षा वेगळा वाटायचा. ती डोळ्यांत तेल घालून बघायची आणि दर वेळी कोणीतरी येऊन, बघून, काही नाही गं, असं म्हणून जायचं. आणि दर वेळी खरंच काही नसायचं. तेच तर वाईट होतं. राईचा पर्वत करणारी अशी तिची घरात ख्याती झाली होती आणि तिलाही ती पटत चालली होती. पण या खेपेला तिने झोप काढली नाही. मुंगी झोपली की कॅलेंडरची पाठ आणि प्रोग्रॅमची यादी शेजारी ठेवून ती एकेक नोंद ताडून पाहू लागली. एकाच मिनिटाला दोन नोंदी असल्या, आधी डावी मग लगेच उजवी, तर त्या तशाच क्रमाने राहायला हव्यात. भाषेच्या पुस्तकात तसं वचनच दिलेलं होतं, सारख्याला सारखं भेटलं तर आधीचं आधीच राहील. ते वचन मोडलं जात होतं. तिने यादी छाटायला घेतली. दोनशे बारा नोंदींत चूक दिसते, शंभरांतही दिसते, ऐंशीत, सत्तरात दिसते. चौसष्टात नाही. पासष्टात पुन्हा. चौसष्टाला औषध लागू पडतं आणि पासष्टाला दुखणं उलटतं. त्या पासष्ट ओळी पडद्यावर बघताना तिला कितीतरी आठवड्यांनी एक विचित्र, थंडगार शांतता वाटली होती. दुखणं आपल्या डोक्यात नाही. ते तिथे आहे, बाहेर आहे, आणि त्याला पासष्ट ओळींचं अंग आहे.

भाषेच्या संकेतस्थळावर नाव नोंदवल्याशिवाय काही सांगता येत नव्हतं. मुंगी कडेवर, एक हात रिकामा, म्हणून सुचलं ते टाकलं, 'मुंगीची आई'. त्या नावाने तिने खोट कळवली. दोन दिवस कोणी फिरकलं नाही. मग कोणीतरी लिहिलं, माझ्याकडे दिसत नाही. तिने मनातल्या मनात त्याचं नाव 'नाहीबुवा' ठेवलं आणि घरच्यांच्या रांगेत त्यालाही बसवलं. पण तिसऱ्या दिवशी, ती मुंगीचे लंगोट पिळत असताना, फोन वाजला. यादी लावणाऱ्या त्या भागाची देखभाल ज्याच्याकडे होती तो, किंवा ती, कोण जाणे, 'गवंडी' या नावाने लिहायचा. त्याने दोनच शब्द लिहिले होते. 'मला दिसलं.' ओल्या हाताने फोन धरून ती बाथरूममध्ये उभीच राहिली. लग्नात, परीक्षेच्या निकालात, मुंगी पहिल्यांदा रडली तेव्हासुद्धा इतकं हलकं वाटलं नसेल. ज्याला कधी पाहिलं नाही, ज्याचा देश माहीत नाही, वय माहीत नाही, अशा माणसाने तिने पाहिलेलंच पाहिलं होतं. मागोमाग त्याने विचारलं, दुरुस्तीही तुम्हीच करता का? तिने केली. चौसष्टाहून मोठी यादी लावताना ती भाषा तिचे तुकडे करायची, तुकडे वेगवेगळे लावायची आणि मग दोन तुकडे एकमेकांत मिसळायची; डावा तुकडा लहान असेल तर डावीकडून सुरुवात, उजवा लहान असेल तर उजवीकडून, शेवटाकडून. डावीकडच्या मिसळण्यात बरोबरी झाली की उजव्या तुकड्यातली नोंद आधी घुसत होती. एका चिन्हाची चूक. तिने चिन्ह बदललं. आणि मग, इथेच ते झालं, खाली उजवीकडून मिसळण्याची जागा होती, तिथेही तसंच चिन्ह दिसलं, आणि हात आवरला नाही. एक सरळ आणि एक तिरपं कसं ठेवायचं? तिने तेही बदललं. खाली लिहिलं, दोन्ही जागी सारखं केलं आहे. गवंड्याने पाहिलं, आणखी एकाने पाहिलं, पॅच आत गेला. निघायच्या आवृत्तीच्या आभारांची यादी आधीच लागली होती, तीत 'मुंगीची आई' आलं. नवऱ्याने ते ऑफिसात दाखवलं म्हणे.

"अगं, झाली का तयार ती? पावणेबाराची वेळ आहे, आणि बस काय आपल्यासाठी थांबते?" सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. बत्तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला होता त्यांनी, त्यामुळे साधा प्रश्नही मागच्या बाकापर्यंत पोहोचायचा.

"एकच बाही राहिलीय, आई."

"एका बाहीला एवढा वेळ? दे इकडे." त्यांनी मुंगीचा हात बाहीत असा सरकवला की दोघींनाही कळलं नाही. "तुझा चेहरा का उतरलाय? बरं नाही का?"

"काही नाही," ती म्हणाली. घरातलं हे उत्तर आज पहिल्यांदा तिनेच दिलं.

बसमध्ये खिडकीजवळची जागा मिळाली. मुंगी मांडीवर, मांडीखाली डायपरची पिशवी, शेजारी सासूबाई. बाहेर दुकानांच्या पायऱ्या धुतल्या जात होत्या, एक माणूस शिडीवर चढून पाटीतला जळालेला दिवा बदलत होता आणि दुसरा शिडी धरल्यासारखं करून फोन बघत होता. धरलीय का त्याने, तिच्या मनात आलं, आणि बस पुढे गेली. ती डोक्यातल्या डोक्यात पुन्हा पुन्हा तेच लावून बघत होती. डावीकडून लावताना बरोबरी झाली तर डाव्या तुकड्यातली नोंद आधी ठेवायची. उजवीकडून, म्हणजे शेवटाकडून लावताना, आपण आधी ठेवतो ती शेवटी जाते. म्हणजे तिथे बरोबरीला उजव्यातली आधी ठेवायला हवी. म्हणजे तिथलं चिन्ह पहिल्यापासून बरोबर होतं. कोणीतरी, कित्येक वर्षांपूर्वी, विचार करून ते तसं तिरपं ठेवलं होतं, आणि आपण येऊन सरळ केलं. पण मग बदल तपासून बघणारी टेस्ट का नाही ओरडली? कारण टेस्ट तिनेच लिहिली होती, आपल्याच पासष्ट ओळींची, आणि पासष्टाचे दोन तुकडे पडतात ते बत्तीस आणि तेहतीस. डावा लहान. उजवीकडून जायची वेळच येत नाही. का हेही तसंच आहे? टाळूसारखं, श्वासासारखं? समोर कॉम्प्युटर नाही, चालवून बघता येत नाही, नुसता एका बाहीवरून सुचलेला तर्क. उजवं-डावं तर ती एरवीही गोंधळते. गाडी शिकवणाऱ्याने तिच्या डाव्या मनगटाला रबर बांधलं होतं.

तिने नवऱ्याला मेसेज केला, माझ्या पॅचमध्ये चूक आहे असं वाटतंय. तो पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात होता, तिथे सकाळी अकरापर्यंत कोणाला पाणी आलं नाही याचेच फोन असतात. तरी त्याने लगेच उत्तर दिलं. 'पुन्हा सुरू झालं का तुझं? दोन जणांनी तपासलंय ना. तुला सगळ्यातच काहीतरी दिसतं.' आणि खाली, राग येऊ नये म्हणून, 'मुंगीचं वजन कळव.' त्याचंही खरं होतं. आणि त्याच्या खऱ्यात एक गुबगुबीत, ऊबदार जागाही होती, जिथे जाऊन बसता आलं असतं. गप्प बसायचं. कोणाला कळणार आहे? उजवा तुकडा लहान, त्यात बरोबरी, आणि ती बरोबरी कोणाच्या तरी लक्षात येणं, महिने जातील. ज्याला दिसेल त्यालाही त्याच्या घरचे सांगतील, झोप काढ. या विचाराशी ती थबकली. ती दुसरी कोणीतरी, कुठल्यातरी घरात कॅलेंडरची पाठ समोर धरून बसलेली, स्वतःच्या डोक्यावर शंका घेत असलेली, तिला एकदम स्पष्ट दिसली, आणि तिच्या तोंडावर 'माझ्याकडे दिसत नाही' असं लिहिणारे आपणच. पण सांगायचं तर काय होईल तेही दिसत होतं. गवंडी म्हणेल, अच्छा. पुढच्या वेळी तिने काही कळवलं की तो जरा थांबेल, मग बघेल. जगात एकच जागा होती जिथे तिने पाहिलेलं खरं धरलं जात होतं, आणि त्या जागेला स्वतःच्या हाताने आग लावायची होती. तीही नुसत्या तर्कावर. तर्क चुकीचा निघाला तर चांगल्या पॅचवर ऐनवेळी हकनाक संशय घेणारी बाई. बरोबर निघाला तर चुकीचा पॅच देणारी बाई. दोन्हीकडून तीच.

दवाखान्यात गर्दी होती. भिंतीला लागून प्लॅस्टिकच्या खुर्च्या, कोपऱ्यात पाण्याचा पिंप, एक खोकणारं बाळ, आणि काउंटरमागे चष्मा साखळीला अडकवलेली रिसेप्शनिस्ट. तिच्यासमोर फायलींचे दोन गठ्ठे होते. एक आधी येऊन नावं नोंदवून गेलेल्यांचा, दुसरा, बारीकसा, आज सकाळी फोनवर वेळ घेतलेल्यांचा. दोन्ही वेळेप्रमाणे लावलेले. ती ते एकत्र करून डॉक्टरांच्या ट्रेमध्ये ठेवत होती. ट्रेमध्ये सगळ्यात पहिल्याची फाइल वर यायला हवी, म्हणून ती शेवटापासून सुरुवात करत होती. दोन्ही गठ्ठ्यांच्या तळाच्या फायली काढायच्या, वेळ बघायची, नंतरची असेल ती आधी ट्रेत, तिच्यावर तिच्या आधीची. हात सराईत होते, नजर तर अर्धी वेळ दाराकडे. सासूबाई मुंगीला खांद्यावर घेऊन फेऱ्या मारत होत्या. मुंगीची आई काउंटरशी नाव सांगायला गेली आणि बघतच राहिली. साडेबाराची फाइल, सव्वाबाराची, बाराची. आणि मग दोन्ही गठ्ठ्यांच्या तळाशी आली ती पावणेबाराची. दोन्ही पावणेबाराच्याच. एकीवर मुंगीचं नाव होतं, आधी नोंदवलेल्या गठ्ठ्यातली. रिसेप्शनिस्टने क्षणभरही न थांबता फोनवाल्याची फाइल आधी ट्रेत टाकली आणि तिच्यावर मुंगीची ठेवली.

"एक मिनिट," ती म्हणाली. आवाज स्वतःलाच मोठा वाटला. "दोन्ही पावणेबाराच्या होत्या ना? मग आम्ही आधी नोंदवलं होतं, तर तुम्ही त्यांची आधी का ठेवलीत?"

रिसेप्शनिस्टने चष्म्यावरून पाहिलं. भांडायला आलेल्या बायांची तिला सवय असावी. "अहो ताई, खालून लावतेय ना मी. आधी ठेवली ती खाली गेली. तुमचीच वर आहे बघा. तुमचाच नंबर आधी."

"म्हणजे वरून लावलं असतं तर?"

"वरून लावलं असतं तर तुमची आधी उचलली असती. खालून लावताना उलटं. नाहीतर लोक मारतील मला." ती पुढच्या फायलीकडे वळली, मग पुन्हा मान वर केली. "का हो, काही चुकलं का?"

"नाही," ती म्हणाली. "तुमचं काही चुकलेलं नाही."

ती खुर्चीवर येऊन बसली आणि तिच्या लक्षात आलं, भीती निघून गेली नव्हती पण तिने जागा बदलली होती. मघाशी होती ती, मला दिसतंय ते आहे का, ही भीती. आता उरली होती ती नुसती लाज, आणि लाज ही बरीच ओळखीची, हाताळता येण्यासारखी गोष्ट होती, शाळेपासूनची. बारा वाजायला वीस मिनिटं. त्या भाषेच्या लोकांत रीत अशी होती की नुसतं 'काहीतरी चुकतंय' म्हणून भागत नसे. दुखणं दाखवणारं सगळ्यात लहान उदाहरण द्यावं लागायचं, छाटून छाटून, आणखी एक ओळ काढली तर दुखणंच जाईल इतकं लहान. तिने फोनवर अंगठ्याने लिहायला घेतलं. पासष्ट ओळी इथे कुठून आणणार? पण त्यांची गरजच नव्हती. तिने लिहिलं, दोन तुकडे आहेत, डाव्यात फायली जास्त, उजव्यात कमी, दोन्हींत एकेक फाइल पावणेबाराची. शेवटाकडून लावा, डाव्यातली पुढे राहायला हवी ती मागे जाते. मग मुंगीने ओरडून जांभई दिली आणि सासूबाई म्हणाल्या, "आलं आलं, आपलंच आलं," आणि तिने उभ्या उभ्याच शेवटची ओळ घातली. 'ही चूक माझ्या तीन दिवसांपूर्वीच्या पॅचमधली आहे. दुसऱ्या जागचं चिन्ह पूर्वी बरोबर होतं. ते मी बदललं. मी चालवून पाहिलेलं नाही, दवाखान्यात आहे. पण खात्री आहे.' खात्री आहे, हे लिहिताना अंगठा अडला. मग तिने ते तसंच ठेवलं आणि पाठवलं.

आत डॉक्टरांनी मुंगीला तराजूत ठेवलं. मुंगी तराजूला चिकटायचा प्रयत्न करत होती. डॉक्टर वयस्क होते, थंड हात अगोदर एकमेकांवर चोळून मगच बाळाला लावायचे. पर्समध्ये फोन थरथरला. पुन्हा थरथरला. डॉक्टर टाळू बघत होते, पोट दाबून बघत होते, कानाशी चुटकी वाजवत होते, आणि ती उत्तरं देत होती, हो, नाही, दिवसातून सहा वेळा. आणि मनात गवंडी बोलत होता, दर वेळी वेगळं. एकदा म्हणाला, मग तुम्ही लिहिताना बघितलं नाही का? एकदा म्हणाला, आता दोन तास राहिलेत, आता सांगताय? एकदा तर तो नवऱ्याच्याच आवाजात म्हणाला, झोप काढा. "छान वाढतेय," डॉक्टर म्हणाले. "आई काळजी करणारी दिसते."

"फार," सासूबाई म्हणाल्या.

"करू दे. काळजी करणाऱ्या आया मला बऱ्या. न करणाऱ्या उशिरा येतात." आणि त्यांनी टोपण न लावलेलं पेन खिशात ठेवलं, त्याचा डाग पडला तरी त्यांना कळलं नाही.

बाहेर आल्यावर, कपड्यांची पिशवी, फाइल, छत्री, बाटली सगळं सासूबाईंच्या स्वाधीन करून, तिने भिंतीकडे तोंड केलं आणि फोन उघडला. गवंड्याने लिहिलं होतं, 'बरोबर आहे. चालवून पाहिलं, तसंच होतंय. दुसऱ्या जागचा बदल काढून टाकला आहे, पहिल्या जागचा ठेवला आहे. तुमचं फायलींचं उदाहरण टेस्ट म्हणून आत घातलं, म्हणजे पुन्हा कोणाचा हात तिथे गेला तर टेस्ट ओरडेल. आवृत्ती वेळेवर निघेल. हा पॅच मीही वाचला होता, दोनदा. मलाही दोन्ही जागा सारख्या दिसल्या की बरं वाटलं होतं.' त्याखाली नाहीबुवाने लिहिलं होतं, 'मलाही दिसलं.' बस. एवढंच. तिने दोनदा वाचलं, ओळींच्या मध्ये वाचलं, कुठे टोमणा आहे का, कुठे सुस्कारा आहे का. नव्हता. 'काढून टाकला आहे,' जसं कोणी म्हणेल, दूध गॅसवरून उतरवून ठेवलं आहे. इतके दिवस तिची समजूत अशी होती की चूक एकदा झाली की झालीच. एक नजर चुकली, एक श्वास मोजायचा राहिला की मग जन्मभर. आणि इथे एका माणसाने तिची चूक उचलून बाजूला ठेवली होती आणि बरोबर होतं ते जागच्या जागी राहू दिलं होतं. दोन्ही तिचीच होती. तिला जाणवलं की आपले खांदे सकाळपासून कानांपाशी होते, आणि ते आता खाली येत आहेत, अगदी दुखत दुखत. आणि भूक लागली आहे. सपाटून भूक लागली आहे.

परतीच्या बसला बसायला मागची लांब सीट मिळाली. मुंगी सासूबाईंच्या मांडीवर झोपून गेली होती, तोंड उघडं, मूठ त्यांच्या बोटाभोवती. तिने त्या मुठीकडे पाहिलं आणि खिडकी थोडी ढकलली.

"काय गं, सकाळपासून काय चाललं होतं तुझं? आणि आता एकदम तोंडावर उजेड. डॉक्टरांनी तर नेहमीचंच सांगितलं."

"माझ्या हातून एक चूक झाली होती, आई. त्या माझ्या कॉम्प्युटरच्या कामात. कोणाला दिसली नव्हती. मीच सांगितली."

"बरं, मग? ओरडले?"

"नाही. दुरुस्त केलं आणि पुढे गेले."

"इतकंच?" सासूबाईंना ते पटलं नसावं. "काय पण माणसं! शाळेत आमच्या एकीने नकाशात नदी उलटी वाहवली होती, पाच वर्षं ऐकून घेतलं बिचारीने." बस सिग्नलला उभी राहिली, सुटली, पुलावर चढली. बऱ्याच वेळाने, मुंगीच्या डोक्यावरून हात फिरवत, समोर बघतच त्या म्हणाल्या, "त्याच्या भुवईत ती खूण आहे ना, तुझ्या नवऱ्याच्या?"

"ती जन्मखूण? हो. लग्नाच्या आधी मला दाखवून म्हणाला होता, हरवलो तर यावरून ओळख."

"जन्मखूण! डोंबलाची जन्मखूण." सासूबाईंचा मागच्या बाकापर्यंत जाणारा आवाज आज पुढच्या सीटपर्यंतही पोहोचला नाही. "पडला होता तो. एवढाच होता, हिच्याएवढा. मी पलंगावर ठेवलं आणि सहामाहीच्या पेपरांचा गठ्ठा घ्यायला वळले. इतकीशी वळले गं. तर खाली पत्र्याची ट्रंक, तिच्या कोपऱ्यावर. रक्त आलं थोडं."

"अगं बाई! मग?"

"मग काय, संध्याकाळी माझ्या सासूबाईंनी पाहिलं, म्हणाल्या हे काय? मी म्हटलं, आहे की पहिल्यापासून, तुम्ही नीट पाहिलं नसेल. दुसऱ्या दिवशी नणंद म्हणाली, काल नव्हतं. तिलाही म्हटलं, तुम्हाला काहीतरीच दिसतं." त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या, आणि त्या हसत होत्या की काय होत होतं त्यांना, सांगता येईना. "त्या बिचाऱ्या सहा महिने एकमेकींना विचारायच्या, आपलंच चुकलं का म्हणून. बत्तीस वर्षं झाली. कोणाला सांगितलं नाही. सासूबाई तर गेल्यासुद्धा, तसंच समजून. त्याला सांगशील तर बघ."

ती आधी हसली नाही. तिने सासूबाईंकडे पाहिलं, या बाईकडे, जिला तिने आजवर फक्त 'काही नाही गं' म्हणताना ऐकलं होतं. आणि मग तिला हसू फुटलं ते आवरेना, तोंडावर ओढणी दाबून ती हसत राहिली आणि डोळ्यांतून पाणी येत राहिलं, आणि सासूबाईही, हळू, हळू, मुंगी उठेल, असं म्हणत पोट धरून हसू लागल्या. पुढच्या सीटवरच्या माणसाने वळून पाहिलं.

"पण तेव्हा," डोळे पुसत तिने विचारलं, "म्हणजे अगदी तेव्हा, तो पडला तेव्हा, काय केलंत तुम्ही?"

"काय करणार?" सासूबाई म्हणाल्या. "उचलला. रडायचा थांबेपर्यंत धरून बसले. पेपर राहिले तसेच."